इथंच यायचं, तर जायचं कशाला?

सायकलवाल्यांची एक जुनी तक्रार आहे, की वारा नेहमी समोरूनच येतो. जाताना समोरून, आणि येतानाही समोरूनच. घरी हे सांगितलं तर घरचे दुधाची पिशवी आणली का ते विचारतात, आणि डॉक्टरांना सांगितलं तर ते वजन विचारतात. वास्तविक हे गाऱ्हाणं कागदावर मांडून सिद्ध करता येतं. समजा, उज्जैनच्या नानाखेड्याहून निघून 60 किलोमीटरची गोल फेरी मारायची आहे. त्यातल्या 30 किलोमीटरला वारा पाठीशी आहे, म्हणून सायकल ताशी 20 नं पळते. उरलेल्या 30 ला तो छातीवर आहे, म्हणून ताशी 10 नं रांगते. पहिला भाग दीड तासात संपला, दुसऱ्याला तीन तास लागले. अंतर निम्मंनिम्मं, पण साडेचार तासांपैकी तीन तास माणूस वाऱ्याशी कुस्ती खेळत होता. आडवा वारा तरी तटस्थ असावा, तर तोही नाही. सायकलचा वेग ताशी 15 आणि बरोबर बाजूनं येणारा वारा ताशी 10 असला, तरी पुढून होणारा हवेचा विरोध सुमारे एक पंचमांशानं वाढतो. म्हणजे मागची एक दिशा सोडली तर पुढची, डावी आणि उजवी अशा तिन्ही दिशा आपल्या विरोधात. लोकशाहीत याला बहुमत म्हणतात. चढउताराचंही तेच. गोल फेरीत जेवढं चढाल तेवढंच उतरायला मिळतं हे खरं, पण चढ तासभर पुरतो आणि उतार एका शिंकेत संपतो.

एवढं सगळं विरोधात असूनही डोंगराळ भागातल्या नयनरम्य गोल फेऱ्या जगभर लोकप्रिय आहेत, आणि पायडल मारून धापा टाकणारी शहाणी माणसं त्यांची छायाचित्रं एकमेकांना पाठवत असतात. याचं कारण म्हणून देखावा, व्यायाम, मोकळी हवा वगैरे सांगितलं जातं. ते आम्हाला पटत नाही. देखावा गाडीतूनही दिसतो आणि हवा गच्चीवरही असते. आमचं म्हणणं असं, की गोल रस्ता माणसानं शोधला तो स्वतःच्या आळसाला कोंडण्यासाठी. सरळ रस्त्यावर आळशाला दर पावलाला पळवाट असते. गोल रस्त्यावर एकदा का अर्ध्याच्या पुढे गेलं, की मागे फिरणं हेच जास्त कष्टाचं होऊन बसतं. मग तो निमूटपणे पुढे जातो, आणि लोक त्याला जिद्दी म्हणतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: उज्जैनमध्ये डोंगर कुठे आहे? माउंटन बाइक मात्र आहे, आणि भरपूर आहे. फ्रीगंजात दुकानाबाहेर त्यांची रांग लागलेली असते. 21 गिअर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि शेताची नांगरट करता येईल असे टायर. दुकानदार म्हणतो, "पहाड़ पे भी चढ़ जाएगी." "पण पहाड आहे कुठे?" "वो आप देख लो भिया, गाड़ी तैयार है." गिऱ्हाइकाचं समाधान होतं, आणि मग तो या सायकलला स्टँड, घंटी, दोन्ही मडगार्ड, कॅरियर आणि पुढे भाजीची जाळी बसवायला सांगतो. वजन वाचावं म्हणून कंपनीनं काढून टाकलेली प्रत्येक वस्तू तो पैसे देऊन परत लावून घेतो. राहिले 21 गिअर. पुढची तीन चक्रं गुणिले मागची सात असा तो गुणाकार. त्यातल्या कित्येक जोड्या जवळजवळ एकसारख्याच चालतात आणि काही जोड्यांत साखळी इतकी तिरकी होते की तिच्याकडे बघवत नाही. सबब मालक पहिल्या दिवशी मधला एक गिअर शोधून काढतो आणि उरलेल्या विसांना कायमची सुट्टी देतो.

पण डोंगर नाही म्हणून माउंटन बाइक नको, हा युक्तिवाद इतिहासाला धरून नाही. ही सायकल जन्मली ती कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीतल्या टॅमलपायस डोंगराच्या परिसरात. तिथल्या पोरांनी 1976 मध्ये एका उतारावर शर्यती सुरू केल्या. जुन्या जाड टायरच्या सायकली, मागे पायानं लागणारा ब्रेक. खाली पोचेपर्यंत तो ब्रेक इतका तापायचा की त्यातलं ग्रीस जळून जायचं आणि ते नव्यानं भरावं लागायचं. त्यावरून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. आता प्रश्न असा, की ही मंडळी वर कशी जायची? बरेचदा पिकअप ट्रकमध्ये सायकली टाकून. म्हणजे चढ चढणं हे कलम या वाहनाच्या मूळ घटनेत फारसं नव्हतंच. ज्यांनी ते बनवलं त्यांनाही उतारच हवा होता. पुढे 1980 च्या दशकात कारखान्यांनी ती हजारोंनी बनवली आणि विकताना चढावरची चित्रं छापली. जाहिरातींचं असंच असतं.

शिवाय डोंगर नाही हे म्हणणंच तपासून पाहायला हवं. गोल फेऱ्यांचं माहेर म्हणजे स्कॉटलंडचे हायलँड्स. तिथे 2015 साली 'नॉर्थ कोस्ट 500' नावाचा एक गोल रस्ता पर्यटकांसाठी जाहीर झाला. इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघायचं, समुद्राकाठानं, डोंगरांतून 516 मैल म्हणजे सुमारे 830 किलोमीटर फिरायचं आणि पुन्हा त्याच किल्ल्याशी यायचं. किल्ला त्या अवधीत हललेला नसतो. या रस्त्यावर बेआलाख ना बा नावाची 626 मीटर उंचीची खिंड आहे, तिच्या वळणांनी भल्याभल्यांना रडवलंय. पण त्याच हायलँड्समधली ड्रमॉक्टरची प्रसिद्ध खिंड घ्या, जिथे हिवाळ्यात बर्फ पडलं की रस्त्याची फाटकं बंद करतात. तिची उंची आहे सुमारे 460 मीटर. आणि उज्जैन? समुद्रसपाटीपासून सुमारे 490 मीटर. म्हणजे नानाखेड्याच्या बसस्थानकावर इंदूरच्या बसची वाट पाहत शेंगदाणे खाणारा माणूस एका नामांकित खिंडीहून उंचावर उभा असतो, आणि कुणी त्याचं अभिनंदन करत नाही. माळव्याचं पठार सह्याद्रीच्याच लाव्ह्याचं, त्याच काळ्या बसाल्टचं. फक्त हा डोंगर इतका रुंद आहे की त्याच्या माथ्यावर शहरं वसली आणि आपण चढलो आहोत याचा सगळ्यांना विसर पडला.

मूळ मुद्द्याकडे येऊ. सरळ रस्ता माणसाला बिघडवतो याचा सर्वांत मोठा पुरावा पुण्यात आहे. रविवारी पहाटे सिंहगडाच्या दिशेनं निघालेल्या सायकलींची संख्या आणि गडाच्या वाहनतळावर पोचलेल्या सायकलींची संख्या यांत जी तफावत असते, ती खडकवासल्याच्या धरणाकाठी भजी खात बसलेली सापडते. तिचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं असतं. "गड काय, नेहमीचाच आहे." "आज ढग आहेत, वरून काही दिसणार नाही." "ढग नाहीत, ऊन लागेल." सरळ रस्त्याची खोड ही, की त्यावरचा कुठलाही बिंदू परत फिरण्यासाठी सारखाच सोयीचा असतो, आणि भजीचा वास आलेला बिंदू तर विशेषच. नानाखेड्यातही निराळं घडत नाही. इंदूर इथून पन्नासेक किलोमीटर. महामृत्युंजय द्वारातून बाहेर पडून इंदूरला सायकलनं जाऊन यायचं, असा बेत रात्री आखला जातो, आणि सकाळी तो पहिल्या पोहे-जलेबीच्या गाडीशी समारोप पावतो. पोह्यांवर शेव, वर जिरावण, शेजारी गरम जलेबी. एवढं झाल्यावर इंदूरला तरी वेगळं काय मिळणार आहे, हा प्रश्न बिनतोड वाटू लागतो. पोहे घरून निघताना खाल्ले असते तर सायकल काढावीच लागली नसती, हे तेवढं कुणी बोलत नाही.

म्हणूनच आळसाचा पक्का बंदोबस्त ज्यांनी केला त्यांनी रस्ता वाकवून गोल केला. उज्जैनमध्ये हा शहाणपणा फार जुना आहे आणि त्याचं नाव पंचक्रोशी यात्रा. 118 किलोमीटरांचं वर्तुळ, मध्यभागी महाकाल, आणि चार दिशांना त्याचे चार द्वारपाल: पूर्वेला पिंगळेश्वर, दक्षिणेला करोहनचा कायावरोहणेश्वर, पश्चिमेला अंबोदियाचा बिल्वकेश्वर, उत्तरेला जैथलचा दुर्दुरेश्वर. वैशाख वद्य दशमीला निघून अमावास्येपर्यंत हे सगळं पायी फिरायचं. (तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे ज्याला उज्जैनकर वैशाख वद्य म्हणतात तो आपल्या कालनिर्णयात चैत्र वद्य असतो. शिंद्यांच्या काळापासून तिथे राहिलेल्या मराठी घरांत दोन पंचांगं असतात आणि उपवास सोयीच्या पंचांगाप्रमाणे धरले जातात.) ऊन असं, की सायकलच्या सीटवर बसण्याआधी नमस्कार करावा. माळव्यातल्या खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्या डोक्यावर पीठ-डाळीचं गाठोडं घेऊन हे अंतर चालतात आणि मुक्कामाला स्वतःच्या हातानं रांधतात. 21 गिअर त्यांच्याकडे नसतात.

या यात्रेची सुरुवात मात्र आमच्या सिद्धान्ताच्या बाजूनं साक्ष देते. पटणी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहून यात्रेकरू त्याच्याकडून बळ मागून घेतात. घेतात म्हणजे उसनं घेतात. फेरी पुरी झाली की त्याच देवळात मातीचे घोडे वाहून ते बळ परत करायचं असतं. इथे माणसाच्या स्वभावाचा अभ्यास दिसतो. आयोजकांना ठाऊक होतं की नुसतं पुण्य दाखवून माणूस 118 किलोमीटर चालणार नाही, तो पहिल्या ओसरीवर आडवा होईल. पण डोक्यावर देवाचं देणं असलं, आणि ते फेडायची खिडकी सुरुवातीच्याच ठिकाणी असली, की त्याला तिथवर यावंच लागतं. आज हप्त्यावर सायकल घेणारे याच तत्त्वानं चालतात, फक्त त्यांचं देणं सायकल खुंटीला टांगली तरी चालूच राहतं.

वाऱ्याचा हिशेबही या वर्तुळात कुणीतरी विचारपूर्वक केलेला असावा असा संशय येतो. माळव्यात उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो. फेरी प्रदक्षिणेची, म्हणजे पहिल्यांदा पूर्वेला पिंगळेश्वर, अंतर 12 किलोमीटर. इथे वारा पाठीवर हात ठेवून ढकलतो, आणि नवख्याला वाटतं, आपण उगाच घाबरत होतो. मग वळण येतं. पिंगळेश्वर ते करोहन 23, तिथून नलवा 21, तिथून अंबोदिया 6. असे 50 किलोमीटर ढोबळमानानं नैर्ऋत्येला आणि पश्चिमेला, म्हणजे थेट वाऱ्याच्या तोंडात. माणूस अंबोदियाला गंभीर धरणापाशी पोचतो तेव्हा त्याचं 62 किलोमीटर अंतर झालेलं असतं आणि 56 उरलेलं असतं. आता परत फिरलं तर जास्त, पुढे गेलं तर कमी. सापळा मिटला. आधी गोड बोलून आत घ्यायचं आणि मग खरं रूप दाखवत निम्म्यापलीकडे न्यायचं, ही युक्ती पुढे बऱ्याच क्षेत्रांत वापरली गेली, पण इथली जागा जास्त मोकळी आहे.

दुसरा आक्षेप रस्त्यावरचा आहे आणि तो सर्वांत अवघड. चहाच्या टपरीवर बसलेला माणूस विचारतो, "कां जा रिये हो भिया?" "कहीं नहीं, गोल घूम के वापस यहीं." तो क्षणभर विचार करतो. "यहीं आना है, तो बैठो ना. चाय पियो." या तर्काला तर्कानं उत्तर नाही, आणि पुष्कळ सायकलस्वार तिथे बसलेले दिसतात ते त्यामुळेच. तरी प्रयत्न करून पाहू. त्या टपरीवाल्याचं म्हणणं मान्य केलं, तर मधली बरीच कामं रद्द होतील. पोळपाट पुन्हा भिंतीशीच टेकवायचा असतो, सकाळी कचेरीत गेलेला माणूस संध्याकाळी घरीच येतो, आणि नेते दौरा करून मुंबईलाच परततात. जागा बदलली नाही म्हणून प्रवास वाया गेला असं धरलं, तर जगात केलेल्या बहुतेक हालचाली वाया आहेत. ते खरंही असेल. पण मग एकट्या सायकलवाल्यालाच का अडवायचं?

तिसरा आक्षेप हुशार लोकांचा. ते नकाशा उघडतात आणि म्हणतात, वर्तुळात कोंडला जातो म्हणता, पण उज्जैनमधून देवास, इंदूर, बडनगर, उन्हेल, आगर आणि मक्सी असे सगळीकडे रस्ते फुटलेले आहेत. फेरीतला माणूस त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं सरळ शहरात घुसेल आणि अर्ध्या तासात नानाखेड्याला पंख्याखाली पडेल. कोंडलं कुठे? आक्षेप वजनदार आहे. नर्मदा परिक्रमेत ही पळवाट बुजवलेली आहे. नदी ओलांडली की परिक्रमा खंडित, असा नियमच करून ठेवलाय, त्यामुळे अडीच हजार किलोमीटरांहून मोठ्या त्या फेरीत आळशाला पलीकडचा काठ नुसता बघता येतो. उज्जैनमध्ये असा नियम नाही, पण तशी गरजही उरलेली नाही. 2022 च्या ऑक्टोबरात 'महाकाल लोक' सुरू झाल्यापासून शहराच्या मधोमध जी गर्दी लोटते, तिच्यामुळे पश्चिमेकडून मधून घुसून दक्षिणेला बाहेर पडणं हे लोटांगण घालत जाण्याइतकं सोपं राहिलंय. श्रावणातला सोमवार असेल तर वर्तुळाचा परीघ व्यासापेक्षा लवकर संपतो. भूमितीच्या पुस्तकांत ही सुधारणा अजून आलेली नाही. भरीला हातात सायकल धरून गर्दीत उभा राहिलेला हेल्मेटधारी इसम हा भाविक आहे की अडथळा, याबद्दल पोलिसाचं आणि त्याचं एकमत होत नाही. "सायकल उधर से ले जाओ." "उधर से ही तो आया हूँ." "तो उधर ही जाओ." असा तो पुन्हा परिघावर येतो.

परिघावर त्याची वाट पाहणाऱ्या गोष्टी निराळ्याच आहेत. पहिली म्हणजे बाभळीचा काटा. नांगरटीचे ते टायर काटा अडवतील अशी समजूत असते; प्रत्यक्षात रबर जेवढं जास्त तेवढी काट्याला बसायला जागा जास्त. पंक्चर झालेली सायकल ढकलत माणूस गावातल्या सायकलवाल्याकडे जातो. तो आयुष्यभर काळ्या सायकलींच्या वालट्यूबा बदलत आलेला. तो हिचं तोंड बघतो आणि म्हणतो, "इसमें मेरा पंप नहीं लगेगा. मोटरसायकल वाले के पास जाओ." आणि ते खरं असतं, या सायकलीच्या ट्यूबचा वॉल मोटरसायकलसारखाच असतो. मोटरसायकलवाला हवेचा पाइप लावतो, दोन सेकंदांत टायर दगडासारखा कडक होतो, आणि तो जोरानं भरल्याचे पैसेही घेत नाही. तेवढ्यात पोरं जमतात. "कितने की है?" हा प्रश्न भारतातल्या कुठल्याही रस्त्यावर सायकलवाल्याला चुकत नाही. या सायकलीची किंमत तीन प्रकारची असते: घरी सांगितलेली, खेड्यात सांगितलेली आणि खरी. खेड्यात सांगितलेली सर्वांत कमी असते, तरी ती ऐकून एखादे आजोबा म्हणतात, "इत्ते में तो पुरानी मोटरसायकल आ जाती. पैर भी नी चलाने पड़ते." शॉकअपचाही हिशेब तेवढ्यात निघतो. डांबरी रस्त्यावर उभं राहून जोर लावला, की त्यातला काही जोर चाकाकडे न जाता पुढच्या स्प्रिंगमध्ये जिरतो आणि सायकल नमस्कार घालत चालते. मागून कुत्रं लागलं की हे नमस्कार वाढतात.

सोबत्यांचं काय, असं कुणी विचारील. गोल फेरी गटानं करावी असं सगळे सांगतात. रात्री गटावर आठ अंगठे वर आलेले असतात. पहाटे पाचला बसस्थानकासमोर दोघं असतात, तिसऱ्याचा निरोप येतो, "पुढे व्हा, गाठतो." तो इंदूर रस्त्यावरच्या पोह्यांपाशी खरोखरच गाठतो, कारण तिथवर तो गाडीनं आलेला असतो. यातून आमचा सिद्धान्त उलट पक्का होतो. जो वर्तुळात शिरलाच नाही त्याला वर्तुळ कोंडू शकत नाही. कुठल्याही तुरुंगाची मर्यादा तीच आहे. शिरलेले दोघं मात्र दिवसभर एकमेकांना सोडून जाऊ शकत नाहीत, कारण पंप एकाकडे आणि पाण्याची दुसरी बाटली दुसऱ्याकडे. मैत्रीबद्दल फार उदात्त लिहिलं गेलंय. त्यात सामानाच्या वाटणीचा वाटा मोठा आहे.

शेवटी राहतं ते मोबाइलमधलं वर्तुळ. जुन्या यात्रेकरूला फेरी संपली हे नागचंद्रेश्वराच्या दारात कळायचं. आताच्या फेरीत घर आलं तरी ती संपत नाही. फोनवर अंतर पाहायचं असतं. बेत 118 चा, आणि पडद्यावर आकडा 117.2. अंधार पडलेला, मांड्यांनी संप पुकारलेला, फाटक हाताच्या अंतरावर. ज्या आळसाला कोंडण्यासाठी एवढा गोल रस्ता आखला, तो आता फाटकातून आत जायला हरकत नव्हती. पण आकडा अपुरा आहे. तेव्हा हा गृहस्थ नानाखेड्याच्या स्टेडियमभोवती, मग कॉलनीच्या गल्लीत, मग पुन्हा स्टेडियमभोवती फिरत राहतो. चौकीदार बराच वेळ बॅटरी मारून पाहतो आणि न राहवून विचारतो, "साब, कुछ गिर गया क्या?"

"हां, आठ सौ मीटर."

चौकीदार बॅटरी घेऊन शोधायला लागतो.